नाताळाचे मराठी जन्माख्यान : 'क्रिस्तपुराणा'च्या एका उपेक्षित अंगाचा विचार

१

फादर टॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) ह्यांच्या 'क्रिस्तपुराणा'चा उल्लेख मराठी वाङ्मयाच्या बहुतेक प्रत्येक इतिहासात होतो. परंतु तो बहुधा एकाच कारणासाठी होतो. ग्रंथाच्या पहिल्या अवस्वरात मराठी भाषेची जी स्तुती आली आहे, तिच्यातील चार ओव्या उद्धृत करावयाच्या, एका इंग्रज जेझुइट धर्मोपदेशकाने मराठीचा गौरव केला ह्याबद्दल समाधान मानावयाचे, आणि ग्रंथ मिटावयाचा, असा परिपाठ पडून गेला आहे. परिणामी जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ सामान्य विद्यार्थ्यापुरता त्या चार ओव्यांचाच उरला आहे. ज्या कथेसाठी तो रचला गेला ती कथा, आणि त्या कथेच्या मध्यभागी असलेला ख्रिस्तजन्म, ह्यांचा वाङ्मयीन विचार अपवादानेच झालेला दिसतो.

वस्तुतः ग्रंथाची रचनाच त्या जन्माभोवती झालेली आहे. त्याचे मूळ पोर्तुगीज शीर्षक 'आपला तारक येशू ख्रिस्त ह्याच्या जगातील आगमनाविषयी प्रवचन, दोन भागांत' अशा अर्थाचे आहे. पहिल्या पुराणाच्या छत्तीस अवस्वरांत सृष्टीची उत्पत्ती, आदिमानवाचे पतन, जलप्रलय, संदेष्टे आणि तारकाची प्रतीक्षा हा जुन्या करारातील विषय येतो. दुसऱ्या पुराणाच्या एकोणसाठ अवस्वरांत ख्रिस्ताचा जन्म, उपदेश, मरण व पुनरुत्थान वर्णिले आहे. म्हणजे 'आगमन' हा ह्या दोन पुराणांना जोडणारा सांधा होय. ख्रिस्ती पंचांगात ह्याच आगमनाचा उत्सव नाताळ म्हणून साजरा होतो. तेव्हा नाताळ मराठीत कसा आला, ह्या प्रश्नाचे वाङ्मयीन उत्तर प्रथम ह्या ग्रंथात शोधावयास हवे.

आजवरचा ह्या ग्रंथाचा विचार बहुधा गोव्याच्या अथवा कोकणाच्या बाजूने झाला, आणि ते स्वाभाविकही होते. प्रस्तुत लेखात तो वऱ्हाडाच्या बाजूने करावयाचा आहे. वाशीम जिल्ह्यातील मालेगाव हे नागपूर–औरंगाबाद ह्या जुन्या हमरस्त्यावरील गाव. एका बाजूस कारंजा, दुसऱ्या बाजूस मेहकर आणि लोणार. तालुक्यातच शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे क्षेत्र. गोव्याची किनारपट्टी येथून दूर आहे. परंतु ओवीत सांगितलेले दैवी जन्माचे आख्यान येथून मुळीच दूर नाही; कारण 'गुरुचरित्रा'त वर्णिलेला श्रीनृसिंहसरस्वतींचा जन्म ह्याच जिल्ह्यातील कारंजाचा आहे. ह्या दोन जन्माख्यानांना शेजारी ठेवून वाचले असता 'क्रिस्तपुराणा'चे यश कोठे आहे आणि त्याच्या साच्याची मर्यादा कोठे येते, हे अधिक स्पष्ट होते.

२

आरंभी शब्दांचा विचार करणे योग्य होईल. मराठीत ह्या एका सणाला तीन नावे आहेत, आणि प्रत्येक नावावर त्याच्या मार्गाची खूण उमटलेली आहे.

'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज 'नाताल'वरून आला. त्याच्या मुळाशी 'जन्मासंबंधी' अशा अर्थाचे लॅटिन 'नातालिस' हे विशेषण आहे. ह्या शब्दाच्या ध्वनिरूपातच त्याचा इतिहास वाचता येतो. पोर्तुगीजातील दंत्य 'त' मराठीत दंत्यच राहिला आणि अंत्य 'ल'चा 'ळ' झाला. हीच दोन्ही लक्षणे 'इस्पितळ' ह्या शब्दातही आढळतात. 'इस्पितळ' आणि 'हॉस्पिटल' हे मूळ एकच; पैकी पहिला पोर्तुगीजांच्या मार्गाने आल्यामुळे त्यात 'त' व 'ळ' आहेत, आणि दुसरा इंग्रजीच्या मार्गाने आल्यामुळे त्यात 'ट' व 'ल' आहेत. 'बटाटा' ह्या पोर्तुगीज शब्दात 'ट' आला, तो अपवाद लक्षात घेऊनही ही जोडी पुरेशी बोलकी आहे. शिवाय 'सकाळ', 'आभाळ', 'पाताळ' अशा शब्दांच्या ओळीत बसल्यामुळे 'नाताळ' कानाला परका वाटेनासा झाला.

'ख्रिस्तजयंती' हे दुसरे नाव. ते प्रॉटेस्टंट लेखनात विशेष रूढ झाले. मूळ संस्कृतात 'जयंती' ही रोहिणी नक्षत्राने युक्त अशा कृष्णाष्टमीची संज्ञा. पुढे ती कोणत्याही पूज्य पुरुषाच्या जन्मतिथीला लागू झाली. 'रामनवमी', 'दत्तजयंती' ह्यांच्या पंक्तीला ख्रिस्ताचा जन्मदिवस बसविण्याचा हेतू ह्या नावात उघड आहे. तिसरे नाव 'ख्रिसमस'. इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ ख्रिस्ताचा मिस्सा, म्हणजे त्या दिवशीची कॅथलिक उपासना, असा होता. आज ते दुकानांच्या पाट्यांवर आणि जाहिरातींत अधिक दिसते.

बंदर, मिशन आणि बाजार असे हे तीन मार्ग होत. मालेगावसारख्या तालुक्याच्या गावी 'नाताळ' हा शब्द अनेकांच्या ओळखीचा झाला तो शाळा-कचेऱ्यांच्या सुट्ट्यांच्या यादीतून. जवळच वाशीम येथे विसाव्या शतकात नाझरीन मिशनचे रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. त्याच्याशी निगडित ख्रिस्ती परंपरा प्रॉटेस्टंट आहे. तथापि शब्द कोणत्या मार्गाने आला हे कळले म्हणजे कथा भाषेत कशी मुरली हे कळतेच असे नाही. शब्द उसना घेता येतो. कथा ऐकणाऱ्यांच्या ओळखीच्या आकारात सांगावी लागते.

३

त्या कथेचा मूळ पाया किती आटोपशीर आहे, हे पाहणे उद्बोधक आहे. चार शुभवर्तमानांपैकी केवळ दोहोंत, म्हणजे मत्तय व लूक ह्यांत, जन्मकथा येते. मत्तयात तारा, पूर्वेकडील ज्ञानी पुरुष, हेरोद राजाचा संशय, बेथलेहेमच्या बालकांची हत्या आणि मिसर देशाकडे पलायन आहे. लूकमध्ये नावनिशीची राजाज्ञा, बेथलेहेमचा प्रवास, गव्हाणीत ठेवलेले बाळ आणि रात्री कळप राखणारे मेंढपाळ आहेत. तिथी कोठेही दिलेली नाही. २५ डिसेंबर हा दिवस रोम येथे पाळला जात असल्याचा जुना आधार ३५४ सालच्या एका रोमन पंचांगात मिळतो. त्यातील नोंद ३३६ सालापर्यंत मागे जाते असे मानतात. सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये स्थापिलेल्या अजिंक्य सूर्याच्या उपासनेशी ह्या दिवसाचा संबंध काही अभ्यासक जोडतात. तर काहींच्या मते २५ मार्च ही गर्भधारणेची तिथी धरून तिच्यापासून नऊ महिने मोजण्यात आले. पूर्वेकडील मंडळ्यांत ६ जानेवारीला महत्त्व होते, आणि आर्मेनियन मंडळी आजही त्याच दिवशी जन्मोत्सव करते. गोठ्याचा देखावा मांडण्याच्या प्रथेला असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्यो येथे केलेल्या मांडणीमुळे चालना मिळाली.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येते. नाताळ हा आरंभापासूनच रचला गेलेला उत्सव आहे. प्रत्येक समाजाने मूळच्या अल्पाक्षरी कथेभोवती आपल्या ऋतूंची, आपल्या पशूंची आणि आपल्या गीतांची भर घातली. स्टीफन्स ह्यांनी साष्टीत जे केले ते ह्या परंपरेला सोडून नव्हते. प्रश्न इतकाच, की मराठीजवळ भर घालण्यासाठी काय होते.

४

मराठीजवळ जन्माख्यान होते. ओवीबद्ध, श्रोत्यांसमोर वाचावयाचे, प्रश्नोत्तराच्या चौकटीत बसविलेले दैवी जन्माचे आख्यान हा मराठीचा जुना आणि घट्ट साचा आहे. 'गुरुचरित्रा'च्या अकराव्या अध्यायात तो उत्तम रीतीने पाहावयास मिळतो. नामधारक विचारतो आणि सिद्ध सांगतो. पूर्वजन्मीचे वचन फळास येते. श्रीपाद श्रीवल्लभांच्या आशीर्वादाची स्त्री कारंजा येथे अंबा म्हणून जन्म घेते, माधव नावाच्या ब्राह्मणाशी तिचा विवाह होतो आणि तिच्या पोटी पुत्र होतो. बालक जन्मताच ओंकाराचा उच्चार करते. लोक विस्मित होतात. ज्योतिषी पत्रिका मांडून हा जगाचा गुरू होईल असे सांगतो. वचन, जन्म, चमत्कार, लोकांचा विस्मय आणि भविष्यकथन असे ह्या साच्याचे टप्पे आहेत. दशमस्कंधातील कृष्णजन्मात ते अधिक विस्ताराने येतात, आणि तेथे कंसाचे भय ही आणखी एक बाजू आहे.

स्टीफन्स ह्यांनी 'गुरुचरित्र' वाचले होते असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. साचा समाईक होता, एवढेच म्हणावयाचे आहे. 'क्रिस्तपुराणा'च्या पहिल्या अवस्वरातील प्रसंग ह्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. साष्टीतील एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वाचू देत नाही, तर तशाच प्रकारचे दुसरे पुराण आम्हांस का देत नाही? ग्रंथाच्या निर्मितीचे कारण म्हणून हा प्रश्न दिलेला आहे. श्रोत्याच्या प्रश्नातून कथा उद्भवते ही पुराणांची जुनी रीत. सूत-शौनकांपासून सिद्ध-नामधारकांपर्यंत ती अखंड चालत आली आहे. स्टीफन्स ह्यांनी ती केवळ अलंकार म्हणून घेतली नाही. श्रोत्याची मागणीच पुराणाची होती. सिद्धान्ताची पोथी देऊन ती भागली नसती.

साच्याचा उपयोग त्यांनी कसा केला, हे ग्रंथाच्या प्रमाणावरून दिसते. लूकचा जन्मवृत्तांत थोड्या वाक्यांत आटोपतो. स्टीफन्स त्याच्याआधी छत्तीस अवस्वरांची प्रतीक्षा ठेवतात. पुराणश्रोत्याला अवताराचे प्रयोजन आधी कळावे लागते: पृथ्वी पीडली, धर्म क्षीण झाला, वचन दिले गेले, आणि मग जन्म. युरोपीय ख्रिस्ती वाचकाला जुना करार पूर्वपरिचित असे. साष्टीतील श्रोत्याला तो नव्हता. म्हणून बेथलेहेमची रात्र अर्थपूर्ण व्हावी ह्यासाठी आदामापासूनची सर्व वाट त्यांना चालावी लागली. हा विस्तार कंटाळवाणा वाटतो अशी तक्रार काही वाचक करतात, आणि काही अवस्वरांपुरती ती रास्तही आहे. परंतु पहिले पुराण गाळून दुसरे वाचले तर जन्माख्यानाचा पहिला टप्पाच नाहीसा होतो, हे विसरून चालणार नाही.

ओवीची निवडही अशीच विचारपूर्वक झाली आहे. स्टीफन्स ह्यांच्या ओवीत पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा आखूड, मोकळा असतो. कथन तीन चरणांत पुढे सरकते. चौथ्यात वाचणारा थांबतो आणि ऐकणाऱ्याला उमज पडण्यास अवकाश मिळतो. भाषेविषयीही त्यांची दृष्टी हीच आहे. शुद्ध मराठी मध्यम लोकांना कळत नाही, म्हणून पूर्वकवींचे अवघड शब्द टाकून ब्राह्मणांच्या भाषेतील, म्हणजे आज ज्या भाषेस कोंकणी म्हणतात तिच्यातील, सोपे शब्द ठिकठिकाणी मिसळल्याचे ते प्रस्तावनेत सांगतात. ज्या लेखकाचे कोंकणीचे व्याकरण १६४० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, रायतूर येथे छापले गेले, आणि ज्याने १५८३ मध्ये आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात भारतीय भाषांचे ग्रीक व लॅटिनशी असलेले साम्य नोंदविले, त्याने शब्दांची ही निवड कानाने आणि व्यासंगाने केली होती ह्यात शंका नाही.

५

साचा जुळला म्हणजे कथा जुळलीच असे नाही. कारंजाच्या जन्मकथेत चमत्कार बालकाच्या ठायी आहे: ते ओंकार उच्चारते. भागवतातील कृष्ण प्रथम चतुर्भुज रूपात प्रकट होतो आणि मग सामान्य बालक होतो. लूकच्या कथेत मात्र बालक काहीही करीत नाही. चमत्कार सर्व बाहेर आहेत. आकाशात देवदूत आहेत, मत्तयात तारा आहे, परंतु बाळ मुके आणि असहाय आहे. इतकेच नव्हे, तर मेंढपाळांना जी खूण सांगितली जाते ती कोणत्याही तेजाची नाही. कापडात गुंडाळलेले आणि गव्हाणीत निजलेले बाळ हीच ती खूण. जेथे मराठी जन्माख्यानाचा श्रोता ऐश्वर्याचे चिन्ह अपेक्षितो, तेथे ह्या कथेत दैन्याचे चिन्ह दिलेले आहे.

नाताळाचा आत्मा जर कोठे असेल तर तो येथे आहे, आणि पुराणाच्या साच्याला खरा ताण पडतो तोही येथेच. पुराणाची वृत्ती गौरवाची आहे. नायकाच्या थोरवीची वाणी त्याला सहज साधते. म्हणून पुराणकर्त्यासमोर दोन वाटा असतात. गव्हाणीभोवती इतके तेज उभे करावयाचे की तिचे दैन्य दिसेनासे व्हावे, किंवा सर्व वैकुंठाचे वैभव आधी सांगून मग त्या वैभवाच्या धन्याला गव्हाणीत निजवावयाचे. स्टीफन्स परमेश्वराच्या धामाला 'वैकुंठ' हाच मराठी शब्द योजतात. तो शब्द श्रोत्याच्या मनात जितके ऐश्वर्य जागे करतो, तितका वैकुंठापासून गोठ्यापर्यंतचा उतार तीव्र होतो. 'क्रिस्तपुराणा'चे जन्माख्यान जेथे ह्या उताराचा उपयोग करते तेथे ते थोर ठरते. जेथे स्तुतीचा पूर ओसरत नाही तेथे ते सामान्य पुराणाच्या पातळीवर राहते. ग्रंथाचे मूल्यमापन ह्या कसोटीवर व्हावयास हवे. भाषास्तुतीच्या ओव्या ती कसोटी पुरवू शकत नाहीत.

वऱ्हाडातील वाचकाला हा उतार अनोळखी वाटण्याचे कारण नाही. महानुभाव परंपरेतील श्रीगोविंदप्रभू ह्याच प्रदेशातील रिद्धपूरचे. त्यांच्या लीळांत ऐश्वर्याच्या खुणांपेक्षा वेडसर वाटणारे वागणे, मुलांत खेळणे, समाजाने दूर ठेवलेल्यांच्या घरी जाणे ह्यांनाच अधिक जागा आहे, आणि त्यांच्या भक्तांनी ईश्वरत्व तेथेच ओळखले. त्या लीळा गद्यात आहेत, ओवीत नाहीत, ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. दैवी पुरुषाचे साधेपण जतन करावयाचे असता तेराव्या शतकातील मराठी लेखकाला गद्य जवळचे वाटले. स्टीफन्स ह्यांनी ओवी व पुराण घेतले. कारण त्यांच्या श्रोत्यांनी तेच मागितले होते. निवडीचा लाभ त्यांना मिळाला आणि तिची किंमतही द्यावी लागली.

'गव्हाण' ह्या शब्दाविषयी येथे थोडे अधिक लिहिणे अप्रस्तुत होणार नाही. मराठी बायबलाच्या अनुवादात ह्या प्रसंगी 'बाळंते', 'गव्हाण' आणि 'उतारशाळा' असे तीन शब्द आले आहेत. पैकी पहिले दोन घरातले आणि गोठ्यातले. मालेगावच्या आसपासच्या कोणत्याही शेतकरी कुटुंबाला ते समजावून सांगावे लागत नाहीत. तिसरा शब्द रस्त्यावरचा आहे आणि आता मागे पडत चालला आहे. लूकच्या ग्रीक मूळात येथे जो शब्द आहे, त्याचा अर्थ पाहुण्यांची खोली असाही होतो. दयाळू शोमरोनी मनुष्याच्या दाखल्यात पथिकाश्रमासाठी लूकने वेगळा शब्द वापरला आहे. त्यामुळे काही आधुनिक अभ्यासकांच्या मते ते बाळ गावाबाहेरच्या एकाकी गोठ्यात जन्मले नाही. पाहुण्यांच्या खोलीत जागा नसल्यामुळे ते घरातच, जनावरे बांधण्याच्या भागाजवळ जन्मले. हे मत ग्राह्य धरले तर चित्र बदलते. माणसे आणि गुरे एकाच छपराखाली राहणारे ते घर वऱ्हाडी शेतकऱ्याच्या जुन्या घरापासून फार दूर राहत नाही. 'उतारशाळा' ह्या शब्दाने धर्मशाळेचे चित्र उभे केले. 'गव्हाण' ह्या शब्दाने मात्र घराचे चित्र राखले.

६

आतापर्यंतचे विवेचन केवळ साच्याच्या देवाणघेवाणीचे झाले. परंतु पहिल्या अवस्वरातील त्या ब्राह्मणाच्या प्रश्नात आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करणे समीक्षेला शोभणार नाही. पूर्वीची पुराणे तुम्ही वाचू देत नाही, असे तो म्हणतो. गोव्यात धर्मन्यायालयाची स्थापना १५६० मध्ये झाली. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडण्यात आली. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले आणि त्यानंतर तेथील ग्रामप्रमुखांना बोलावून ठार करण्यात आले. स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले आणि त्यांचे बहुतेक आयुष्य ह्याच साष्टीत गेले. पृथ्वीवर शांती असो असा देवदूतांचा घोष ज्या कथेत आहे, ती कथा ह्या भूमीत, ह्या काळात ओवीबद्ध झाली.

तेव्हा 'क्रिस्तपुराण' ही देणगी मानावयाची की हिरावून घेतलेल्या पोथ्यांची भरपाई? दोन्ही बाजूंनी बोलणारे अभ्यासक आहेत. पहिल्या बाजूला ग्रंथाची भाषा, त्याचा स्नेह आणि त्याचा व्यासंग हे पुरावे आहेत. दुसऱ्या बाजूला त्याच्या जन्माची परिस्थिती आहे. ह्यांपैकी कोणतीही बाजू दुसरीला रद्द करीत नाही. बंदीच्या सत्तेशी बांधलेल्या संघातील एका पुरुषाने बंदी घातलेल्या वाङ्मयाचाच आकार स्वीकारला. बंदी घालणाऱ्यांना त्या आकाराची शक्ती मान्य करावी लागली, एवढे तरी ह्यावरून सिद्ध होते. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज विजरईने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला. १६१६, १६४९ आणि १६५४ ह्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून, आणि मुख्यतः दक्षिण कानड्यातील ख्रिस्ती कुटुंबांनी तो जपला म्हणून. त्या हस्तलिखितांवरूनच जे. एल. सालढाणा ह्यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे रोमन लिपीतील आवृत्ती काढली. शांताराम बंडेलू ह्यांची देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये पुण्यास निघाली. ज्यांच्यासाठी पुराण रचले त्यांनीच ते वाचवले; ते त्यांचे झाले होते ह्याचा ह्याहून सबळ पुरावा मिळणे कठीण आहे.

लंडन येथील मार्सडेन संग्रहात ह्या ग्रंथाचे एक देवनागरी हस्तलिखित आहे. रोमन परंपरेतील अनेक पोर्तुगीज व लॅटिन धर्मसंज्ञांच्या जागी त्यात संस्कृत शब्द आढळतात. 'नाताळ' आणि 'ख्रिस्तजयंती' ह्या जोडीत जो भेद दिसतो, तोच येथे एकाच ग्रंथाच्या दोन पाठांत दिसतो. मूळ पाठ कोणता, ह्या वादाचा निर्णय काहीही लागो. धर्मसंज्ञा बदलल्या तरी आख्यान बदलले नाही, ही गोष्ट दोन्ही पाठांना समान आहे. कथा आकारात मुरते, हे वर केलेले विधान त्यामुळे अधिक दृढ होते.

७

तीन शतकांनंतर हाच साचा पुन्हा हाती घेतला गेला, आणि तो परक्या प्रदेशातून आलेल्या लेखकाने घेतला नाही. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनच्या क्षेत्रात त्यांनी काम केले. ह्या मिशनची मातृसंस्था बॉस्टनची होती. त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये प्युरिटन मंडळींनी १६५९ ते १६८१ ह्या काळात नाताळ साजरा करणे दंडनीय ठरविले होते. उत्सवाविषयी इतक्या सावध असलेल्या परंपरेचे वारसदार मराठी मुलखात आले, आणि तेथे टिळकांनी ख्रिस्तचरित्रासाठी पुन्हा ओवी निवडली. 'ख्रिस्तायन' हे नाव रामायणावरून घेतलेले आहे. टिळकांच्या हातून त्याचे आरंभीचे अध्यायच झाले; उरलेला फार मोठा भाग लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) ह्यांनी पुरा केला, आणि दोघांच्या मृत्यूनंतर, १९३८ मध्ये, ग्रंथ प्रसिद्ध झाला. स्टीफन्स ह्यांनी ओवी पोथीवरून आणि श्रोत्यांकडून शिकून घेतली. लक्ष्मीबाई ज्या घरांत वाढल्या तेथे ती दैनंदिन जीवनाचा भाग होती. पुराणाकडून चरित्रकाव्याकडे झालेल्या ह्या प्रवासात जन्मप्रसंगाच्या साधेपणाला अधिक वाव मिळाला काय, ही तुलना विस्ताराने व्हावयास हवी.

ह्या सर्व विवेचनातून काढावयाचा निष्कर्ष मर्यादित आहे. नाताळ मराठीत आला तो प्रथम एका पोर्तुगीज शब्दाने; परंतु तो मराठीचा झाला जन्माख्यानाच्या साच्याने. त्या साच्याने कथेला वचन, प्रतीक्षा आणि श्रोता दिला. कथेने साच्याला एक नवी अडचण दिली: ऐश्वर्याऐवजी दैन्याची खूण. 'क्रिस्तपुराणा'ची वाङ्मयीन योग्यता ह्या अडचणीशी त्याने घेतलेल्या झटापटीवरून ठरते.

मार्गशीर्ष पौर्णिमेची दत्तजयंती बहुधा डिसेंबरातच येते. २०२३ साली ती २६ डिसेंबरला, म्हणजे नाताळाच्या दुसऱ्याच दिवशी आली होती. कारंजास त्या सुमारास गुरुचरित्राची पारायणे चालतात आणि वाशीमच्या ख्रिस्ती उपासनेत लूकचा दुसरा अध्याय वाचला जातो. मालेगावच्या विद्यार्थ्याला दोन्ही ठिकाणे हाकेच्या अंतरावर आहेत. एम. ए. च्या अभ्यासक्रमात 'क्रिस्तपुराणा'तील भाषास्तुतीच्या ओव्यांबरोबर दुसऱ्या पुराणातील जन्माचे अवस्वरही नेमले जावेत, ते 'गुरुचरित्रा'च्या अकराव्या अध्यायाशी आणि रिद्धपूरच्या लीळांशी ताडून वाचले जावेत, आणि मार्सडेन पाठातील त्याच भागाचे शब्दशः पाठांतर मांडले जावे. ह्या तीन कामांपैकी पहिले वर्गातील आहे, दुसरे प्रबंधाचे आणि तिसरे संपादकाचे. पहिल्यासाठी कोणाच्याही अनुमतीची वाट पाहण्याचे कारण नाही.